युक्ती आणि वळण : कुरखेड्यातील एका वादाच्या निमित्ताने

विज्ञानकथेविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा दोन प्रश्नांपाशी सुरू होते आणि त्यांच्यापाशीच संपते. कथेतले विज्ञान बरोबर आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि या लेखनाला साहित्य म्हणावे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न विज्ञानाचे प्राध्यापक विचारतात, दुसरा साहित्याचे. आणि दोघांनाही आपापल्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असते, असा आमचा अनुभव आहे. या दोहोंच्या गर्दीत एक तिसरा प्रश्न राहून जातो. कथेतल्या माणसाचे पुढे जे झाले, ते त्याच्या स्वभावामुळे झाले, की लेखकाने मध्येच आणून ठेवलेल्या एखाद्या युक्तीमुळे? समीक्षेने हा प्रश्न सोडून दिला असला तरी वाचकांनी आणि प्रेक्षकांनी तो सोडलेला नाही. आम्ही तो गेल्या हिवाळ्यात दोनदा ऐकला. दोन्ही वेळा कुरखेड्याच्या परिसरात, आणि दोन्ही वेळा ज्यांना आपण समीक्षक म्हणणार नाही अशा माणसांच्या तोंडून. त्या प्रश्नाची बाजू मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातले, सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. शेजारच्या तालुक्यातले देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धानाची कापणी-मळणी आटोपली की दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत या पट्ट्यात मंडई आणि शंकरपट भरतात आणि त्यांच्या निमित्ताने रात्र रात्र नाटके होतात. २०२३ साली ज्यांना पद्मश्री मिळाली ते परशुराम खुणे याच कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. त्यांच्या भूमिकांची संख्या ८००च्या आणि प्रयोगांची संख्या ५,०००च्या घरात सांगितली जाते. हे आकडे आम्ही नटाच्या गौरवासाठी देत नाही. इतके प्रयोग पाहणारा एक प्रेक्षकही या भागात आहे, आणि इतकी नाटके पाहिलेल्या प्रेक्षकाला कथानकाची अवजारे ओळखू येऊ लागतात, हे लक्षात यावे म्हणून देतो.

अशाच एका रात्री आम्ही नाटकाला होतो. धाकट्या भावाला घराबाहेर काढणारा थोरला भाऊ, त्याची सोशिक बायको, मध्ये मध्ये विनोदी प्रवेश आणि शेवटच्या अंकात मेलेल्या बापाची जुनी चिठ्ठी. चिठ्ठी वाचली जाते, थोरला भाऊ रडतो, घर पुन्हा एक होते. मंडपात अनेकांचे डोळे ओले झाले होते. आमच्या मागे चटईवर बसलेल्या एका आजींचेही झाले होते, पण पदराने डोळे पुसता पुसता त्यांनी शेजारच्या नातवाला विचारले, "चिठ्ठी नसती आली त हा सुधरला असता का गा?" नातवाने हसून मान हलवली. आजींनी मात्र तो प्रश्न थट्टेने विचारला नव्हता. त्यांना नाटक आवडले होते आणि तरीही कुठेतरी आपली फसवणूक झाली आहे, हे त्यांना जाणवले होते. कथाशास्त्रावर लिहिलेल्या कित्येक पानांचा अर्क या एका वाक्यात आहे, असे आम्हांला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

दुसरा प्रसंग काही दिवसांनंतरचा. साहित्याचे काही विद्यार्थी 'डार्क' या जर्मन विज्ञानमालिकेवर वाद घालत बसले होते. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे यांची ही मालिका २०१७ ते २०२० या काळात तीन पर्वांत आणि २६ भागांत नेटफ्लिक्सवर आली. जंगलाला लागून असलेले एक लहान गाव, गावाजवळची गुहा, गुहेतून ३३ वर्षे मागे-पुढे नेणारी वाट आणि चार कुटुंबांच्या पिढ्यांचा गुंता, असा तिचा विषय आहे. ती मोबाइलच्या पडद्यावर, इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने, रात्री उशिरापर्यंत जागून या मुलांनी पाहिली होती. जंगलाने वेढलेल्या गावातल्या मुलांना जंगलाने वेढलेल्या गावाची गोष्ट जवळची वाटली, यात नवल नाही. आम्हांला नवल वाटले ते त्यांच्या वादाच्या प्रवासाचे.

आरंभी वाद वंशावळीचा होता. कोण कुणाचा बाप, कोणती मुलगी आपल्याच आईची आई, हे वहीच्या पानावर रेघा ओढून ठरवले जात होते. दोन पाने भरली. मग एका मुलीने वही बाजूला सारली आणि विचारले, "हे सगळे जुळते हो, पण जोनास बापाला वाचवायला गेला नसता, तर बाप मेला असता का?"

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे भाग आहे. जोनास या तरुणाच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. मालिका तेथूनच उघडते. पुढे कालप्रवासाची वाट हाती आल्यावर, दुसऱ्या पर्वात, तो वडिलांना थोपवायला आत्महत्येच्या आदल्या दिवसात जातो. तेथे त्याला कळते की वडिलांच्या मनात तोवर मरणाचा विचारच नव्हता. आपल्याला काय करायचे आहे, हे त्यांना मुलाच्या येण्यानेच समजते. वाचवायला निघालेले प्रेमच मृत्यूचा निरोप घेऊन पोहोचते. गुहेतली वाट ही कथानकाची युक्ती आहे, हे उघडच आहे. पण त्या वाटेने जाण्याचा हट्ट जोनासचा आहे. युक्ती काढून घेतली तर हा प्रसंग घडणार नाही, हे खरे. मात्र हट्ट काढून घेतला तरीही तो घडणार नाही. आजींच्या चिठ्ठीत आणि जोनासच्या गुहेत फरक आहे तो येथे. चिठ्ठी थोरल्या भावाच्या जागी काम करते. गुहा जोनासकडूनच काम करून घेते.

पुढे मुलांनी तोच निकष मालिकेच्या शेवटाला लावला आणि तेथे त्यांच्यात फूट पडली. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस असे कळते की महाविनाशाच्या क्षणी काळ पळभर थांबतो आणि त्या पळात घटनांची साखळी वेगळ्या दिशेला वळवता येते. ही फट आधीच्या दोन पर्वांत प्रेक्षकाला सांगितलेली नव्हती. एका बाजूचे म्हणणे, ही फसवणूक आहे. दोन पर्वे 'काहीच बदलता येत नाही' असे बजावून शेवटी खिशातून किल्ली काढायची, हा न्याय नव्हे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, किल्ली उशिरा निघाली तरी ती वापरणारी माणसे आता निराळी झाली आहेत. आयुष्यभर सूड आणि विनाश यांच्या मागे लागलेला म्हातारा जोनास शेवटी ज्या स्त्रीला मारायला जातो तिच्यावर गोळी झाडत नाही. आणि तरुण जोनास व मार्था आपले अस्तित्वच पुसले जाईल हे जाणून ती किल्ली फिरवतात. वाद मिटला नाही. तो मिटावा असेही आम्हांला वाटले नाही, कारण दोन्ही बाजू एका महत्त्वाच्या गोष्टीवर एकमताने उभ्या होत्या. काळाचा प्रवास शक्य आहे की नाही, हे कुणीच विचारत नव्हते. लेखकाने प्रेक्षकाशी केलेला करार पाळला की नाही, एवढेच विचारले जात होते.

युक्तीविषयीचा हा विचार आपल्याला नवा नाही. संस्कृत नाटकाच्या वर्गात तो आपण दरवर्षी करतो, फक्त त्याला हे नाव देत नाही. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंताला सर्व आठवत असते आणि तरीही तो भर सभेत तिला नाकारतो. अखेर आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली आणि नायकाला खोटेपणाच्या कलंकातून सोडवले. ही युक्ती नायकाचे चारित्र्य वाचवण्यासाठी आहे, असे आपण शिकवतो. आणि ते खरे आहे. पण आजींच्या पद्धतीने विचारले की आणखी काही दिसते. अंगठी सापडली नसती तर राजाला काही आठवले असते काय? नसते. मग त्याचे वळण कोणते? ते अंगठी सापडल्यानंतरचे आहे. सहाव्या अंकातला पश्चात्ताप, चित्र काढून त्यात हरवणे आणि निपुत्रिकाचे दुःख हे शापाने दिलेले नाही, ते राजाचे स्वतःचे आहे. कालिदास युक्तीने दोष काढून घेतो, पण दुःख काढून घेत नाही. म्हणून ती युक्ती आपल्याला खुपत नाही. युक्ती आली की कथा हलकी झाली, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. युक्तीवाचून कथा क्वचितच चालते. ती पात्राला मोकळे करते की बांधून घेते, हे पाहायचे असते.

युक्त्यांचा उगमही नेहमी उदात्त असतो असे नाही. 'स्टार ट्रेक' या १९६६ साली सुरू झालेल्या अमेरिकन मालिकेत माणसे एका ठिकाणी विरघळतात आणि दुसऱ्या ठिकाणी प्रकटतात. या यंत्राचे मूळ कारण शास्त्रीय नव्हते. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणे निर्मात्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. आपल्या जुन्या नाटकांतला पडद्यापुढचा प्रवेश आठवावा. मागे दालन बदलायला वेळ हवा म्हणून पुढे दोन नोकर गप्पा मारीत. परंतु गरजेपोटी आलेली ही यंत्रे चांगल्या लेखकाच्या हाती पडली की अर्थवाही होतात. उगम कोणताही असो, अखेर हिशेब माणसाशीच करावा लागतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकाकडून येणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली 'लेडी मॅकबेथला मुले किती होती?' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून, पात्रांना हाडामांसाची माणसे समजून त्यांच्या घरगुती चौकशा करणाऱ्या समीक्षेची टर उडवली. पात्र म्हणजे शब्दांची रचना. रचनेबाहेर त्याला आयुष्य नाही, हे त्यांचे म्हणणे. मालिकांच्या चाहत्यांचे वाद म्हणजे असल्याच चौकशा नव्हेत काय?

काही वाद तसे असतात, हे आम्ही मान्य करतो. वहीतली वंशावळ ही त्याच जातीची होती. किंबहुना 'कोण कुणाचा बाप' हा चाहत्याचा प्रश्न आणि 'कृष्णविवराजवळ काळ किती मंदावेल' हा विज्ञानशिक्षकाचा प्रश्न एकाच कुळातले आहेत. दोघेही कथेला कोडे समजतात आणि कोडे सुटले की पान उलटतात. परंतु 'चिठ्ठी नसती आली तर' हा प्रश्न घरगुती चौकशीचा नाही. तो रचनेचाच प्रश्न आहे. रचनेतला एक दगड काढून पाहिला तर कमान उभी राहते की कोसळते, हे तो तपासतो. नाइट्स यांना जे हवे होते, म्हणजे संपूर्ण कृतीची घडण पाहणे, तेच आजी चटईवर बसून करीत होत्या.

आता हा प्रश्न आपल्या विज्ञानकथेला विचारून पाहू. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हे स्वतः विज्ञानकादंबरीकार होते, हेही आपण सांगतो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले आणि २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हा मराठीत भरपूर लिहिले गेले. त्या लेखनात 'विज्ञान सोपे केले', 'अंधश्रद्धेवर प्रहार केला', 'मराठीचे क्षितिज रुंदावले' ही वाक्ये पुन्हा पुन्हा भेटली. ती खोटी नाहीत. पण त्यांतून नारळीकरांच्या कथेतला एकही माणूस आपल्याला भेटत नाही.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. 'दि ॲडव्हेंचर' या नावाने तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आले, त्यामुळे देशभरच्या मुलांनी ती अभ्यासली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर दुसऱ्याच भारतात पोहोचतात. तेथे पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती चाटून गेली आहे, मराठे जिंकले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरली आहे. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र त्यांना आपत्ती-सिद्धान्त आणि पुंज-यामिकी यांच्या आधारे या अनुभवाचा अर्थ सांगतो. वर्गात काय विचारले जाते? गोळी कुठून गेली, सिद्धान्त कोणता, पुरावा म्हणून खिशात राहिलेले बखरीचे पान कसले. म्हणजे पुन्हा वही आणि रेघा.

पण आजींचा प्रश्न विचारा: अपघात झाला नसता, तर गंगाधरपंत बदलले असते काय? आणि त्याआधी, ते बदलले आहेत, हे तरी आपल्या लक्षात आले आहे काय?

गंगाधरपंत हे सभांचे अध्यक्ष होण्याची सवय जडलेले गृहस्थ आहेत. त्यांनी ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषवले आहे आणि हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची असणार आहे. दुसऱ्या जगात, मुंबईच्या आझाद मैदानावर, त्यांना एक सभा दिसते. व्याख्यान चालू आहे आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी! लोहचुंबकाकडे लोखंड ओढले जावे तसे ते त्या खुर्चीत जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून अध्यक्षांची प्रथाच मोडीत काढलेली आहे; ते ओरडतात, हाती लागेल ते फेकतात, शेवटी व्यासपीठावर चढतात. गंगाधरपंत खुर्ची सोडत नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या रूपाच्या अखेरीस ते मित्राला सांगतात की आपले हजारावे अध्यक्षीय भाषण आझाद मैदानावर होऊन गेले. यापुढे आपण कोणत्याही सभेचे अध्यक्ष होणार नाही आणि पानिपत परिसंवादाच्या संयोजकांना तसे कळवलेही आहे.

येथे आमच्या मते मराठी विज्ञानकथेतल्या दुर्मीळ गोष्टींपैकी एक घडली आहे. दुसऱ्या जगात नेणारा अपघात ही युक्ती. पण तेथे गेल्यावर घडणाऱ्या फजितीचे कारण युक्ती नव्हे, प्राध्यापकांची हौस आहे. खुर्ची रिकामी होती, पण तीत बसण्याची सक्ती कुणी केली नव्हती. आणि मराठी शीर्षक हे सगळे आधीच सांगून मोकळे झालेले असते. 'पानिपत होणे' म्हणजे धूळधाण होणे, हे मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. मराठ्यांचे पानिपत त्या जगात झालेच नाही. झाले ते गंगाधरपंतांचे. 'दि ॲडव्हेंचर' या इंग्रजी नावात हा अर्थ पार हरवतो आणि उरते ते केवळ साहस. ही कथा इतिहासाच्या वळणाइतकीच एका माणसाच्या वळणाची आहे. आपण सिद्धान्ताकडे इतके टक लावून पाहिले की खुर्चीकडे लक्षच गेले नाही.

तरीही अशी उदाहरणे थोडी का, हे विचारले पाहिजे. दोष केवळ लेखकांच्या कुवतीचा आहे, असे आम्ही मानत नाही. मराठी विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः मासिकांत आणि दिवाळी अंकांत. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची नावे वाचकांना परिचित झाली ती प्रामुख्याने सुट्या कथांतून. दिवाळी अंकातल्या कथेला मोजकी पाने मिळतात. तेवढ्यात नवी कल्पना मांडायची, तिचे विज्ञान समजावायचे आणि शेवटी धक्का द्यायचा, यातच जागा संपते. पुढच्या वर्षी नवा अंक, नवी कल्पना, नवा शास्त्रज्ञ. गेल्या वर्षीच्या शास्त्रज्ञाचे पुढे काय झाले, हे विचारायची सोय नाही. माणसाला वळायला जेवढी पाने लागतात तेवढी आपण विज्ञानकथेला क्वचितच दिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक वाचकाला भेटत राहिला, पण तो बालनायक. त्याने वयाने वाढू नये, हीच वाचकाची इच्छा होती. दूरदर्शनवर १९८९ साली 'इंद्रधनुष' आणि १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही हिंदी विज्ञानमालिका आली आणि आमच्या पिढीच्या पुष्कळांनी त्या आवडीने पाहिल्या. पण त्या बालकरमणुकीच्या खात्यात टाकून साहित्याच्या वर्गाने पाठ फिरवली.

परिणाम असा झाला की वाचकाला एखाद्या विज्ञानकथेतल्या माणसासोबत वर्षानुवर्षे थांबण्याची, त्याच्यावर रागावण्याची, त्याला माफ करण्याची संधी मराठीत फारशी मिळाली नाही. मालिकेचे सामर्थ्य त्या थांबण्यात आहे. दोन पर्वांमधल्या वर्षभराच्या रिकाम्या काळात प्रेक्षक पात्राविषयी जे बोलतो तो कालापव्यय नव्हे. पुढच्या पर्वाचा निवाडा करण्याची ती तयारी असते. झाडीपट्टीचे नाटक एका रात्रीत संपते, हे खरे. पण तेच नट, त्याच धाटणीचे अंक, तीच वळणे हंगामामागून हंगाम पाहिल्याने तेथला प्रेक्षकही अशीच दीर्घ ओळख कमावतो. आजींचा प्रश्न एका रात्रीतून आलेला नव्हता. त्यामागे किती चिठ्ठ्या असतील कोण जाणे!

चाहत्यांच्या बाजूने बोलताना त्यांच्या एका खोडीकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. प्रेमाचे रूपांतर मालकीत फार लवकर होते. १८९३ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला मारले तेव्हा वाचक खवळले; अखेर १९०३ साली होम्सला परत यावे लागले. परत आणण्याची युक्ती काय, तर तो दरीत पडलाच नव्हता! ही बापाच्या चिठ्ठीचीच बहीण. तेथे युक्ती पात्रासाठी आली नाही, वाचकाच्या हट्टासाठी आली. वाचकाने 'हे असे का घडले' असे विचारावे. 'मला हवे तसे का घडले नाही' हा दुसराच प्रश्न आहे आणि तो रसिकतेचा नव्हे, गिऱ्हाइकीचा आहे. कुरखेड्यातल्या त्या वादातही हा सूर मधूनच डोकावला. जोनास आणि मार्था वाचायला हवे होते, असे एकाने ठासून सांगितले. का, असे विचारताच तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "मला ते आवडतात म्हणून." त्याचे हे उत्तर प्रामाणिक होते. टीकेची सुरुवात अशा प्रामाणिकपणापासून होते, पण तिने तेथेच मुक्काम करू नये.

आमची सूचना साधी आहे. विज्ञानकथा शिकवताना 'विज्ञानकथेची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाला थोडी विश्रांती द्यावी. त्याच्या उत्तरात जिज्ञासा, वैज्ञानिक दृष्टिकोन, भविष्यवेध हे शब्द कथा न वाचताही लिहिता येतात, आणि लिहिले जातात. त्याऐवजी मुलांना एक कथा द्यावी, तिच्यातली मध्यवर्ती युक्ती ओळखायला सांगावी आणि मग विचारावे: ही काढून घेतली तर या माणसाचे काय उरते? जेथे काहीच उरत नाही तेथे ती कथा कोडे आहे, हे मुले स्वतःच सांगतील. जेथे काही उरते, एखादी खुर्चीची हौस, एखादा वाचवण्याचा हट्ट, तेथे साहित्य सुरू झाले आहे, हे सांगायला त्यांना आमची गरज पडणार नाही. 'हिला साहित्य म्हणावे काय' या जुन्या प्रश्नाचे उत्तरही मग अख्ख्या प्रकाराविषयी एकदाच न देता प्रत्येक कथेपाशी वेगळे द्यावे लागेल, आणि तेच योग्य आहे.

यात आमच्या दृष्टीने पणाला लागलेले आहे ते विज्ञानकथेचे भवितव्य एवढेच नव्हे. कुरखेड्यासारख्या गावातला विद्यार्थी साहित्याच्या वर्गात येतो तेव्हा त्याला काहीच वाचता येत नाही, असे आपण गृहीत धरतो आणि संज्ञांपासून आरंभ करतो. वास्तविक तो मंडपातल्या रात्रींतून आणि मोबाइलवरच्या मालिकांतून कथा तपासण्याची एक सवय घेऊन आलेला असतो. वर्गाच्या दारात चपलांबरोबर ती सवयही तो काढून ठेवतो, कारण आत तिचा उपयोग नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात समजते. तीन वर्षांनी तो बाहेर पडतो तेव्हा त्याला संज्ञा येत असतात, पण चिठ्ठीविषयी शंका येईनाशी झालेली असते. हा व्यवहार तोट्याचा आहे.

त्या मुलीने वही बाजूला सारली तेव्हा तिला आपण समीक्षा करीत आहोत, असे वाटले नव्हते. पुढल्या आठवड्यात तिच्या हाती आम्ही 'गंगाधरपंतांचे पानिपत' दिली आहे. सिद्धान्त तिला कळेल की नाही, याची आम्हांला चिंता नाही. खुर्चीपाशी ती थांबते का, हे मात्र आम्ही पाहणार आहोत.